जुन्या ट्रॅक्टरची गळकी डिझेल टाकी : ठिबक थांबवा, जीव सांभाळा

पंढरपूर : उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की पंढरपूरकडे येणाऱ्या रस्त्यांचे रूप पालटते. टेंभुर्णी, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला आणि अकलूज या साऱ्या दिशांना दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावताना दिसतात. गुरसाळ्याचा विठ्ठल, श्रीपूरचा पांडुरंग, भाळवणीचा वसंतराव काळे अशा सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ट्रॅक्टर हे केवळ नांगरटीचे साधन राहिलेले नाही. अनेक कुटुंबांचा संसार त्याच्या चाकांवर चालतो. आषाढी वारीच्या दिवसांत हेच ट्रॅक्टर दिंड्यांचे सामान आणि पाण्याचे टँकर ओढतात. या गर्दीत वीस-पंचवीस वर्षे वापरात असलेली यंत्रेही मोठ्या संख्येने असतात. त्यांचे इंजिन दोन-तीन वेळा उतरवून पुन्हा बांधलेले असते, टायर बदललेले असतात. मात्र डिझेलची टाकी बहुधा पहिल्या दिवसापासूनची तीच असते.

या टाकीकडे लक्ष जाते ते ती गळू लागल्यावरच. प्रथम बोनेटखाली डिझेलचा वास येतो, मग पत्र्यावर धुळीचा ओलसर, काळपट पट्टा दिसू लागतो आणि एके दिवशी ट्रॅक्टर उभा केलेल्या जागी जमिनीवर डाग पडतो. वरवर पाहता हे काम किरकोळ वाटते. परंतु गॅरेजमधील अपघातांत ज्या कामाने क्षणार्धात माणसे होरपळतात, त्यांत इंधनाच्या टाकीला झाळ देणे हे काम अग्रक्रमाने मोजावे लागते. म्हणूनच टाकी का गळते, ती कशी दुरुस्त करावी आणि मुख्य म्हणजे काय करू नये, हे ट्रॅक्टरमालक, चालक आणि कारागीर या तिघांनीही समजून घेणे आवश्यक ठरते.

जुने ट्रॅक्टर इतके का?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि पुढील काळात कालव्यांच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात उसाचे क्षेत्र वाढत गेले. बैलांच्या जोडीने होणारी खोल नांगरट आणि बैलगाडीने होणारी ऊस वाहतूक या दोन्ही कामांत ट्रॅक्टरने शिरकाव केला. बैलगाडी अजूनही पूर्णतः हद्दपार झालेली नाही. तरी लांब पल्ल्याची वाहतूक ट्रॅक्टरकडेच गेली.

देशात ट्रॅक्टरनिर्मितीचा पाया त्याआधीच घातला गेला होता. फरिदाबाद येथे आयशरने १९५९ मध्ये पहिला देशी बनावटीचा ट्रॅक्टर बाहेर काढला. मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवणारी टॅफे ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. महिंद्रच्या भागीदारीतील इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ मध्ये सुरू झाली आणि तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर गावोगावी ‘इंटरनॅशनल’ या नावानेच ओळखला गेला. फोर्ड आणि एचएमटी हे ट्रॅक्टर १९७१ पासून, तर पंजाबचा स्वराज १९७४ पासून भारतात तयार होऊ लागला. यांतील काही नावे आता बाजारात उरलेली नाहीत. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा यंत्रांसाठी नवी मूळ टाकी मिळणे दुर्मीळ असल्यामुळे जुनी टाकी दुरुस्त करून वापरण्याकडे मालकांचा कल राहतो. हा कल चुकीचा नाही. परंतु दुरुस्तीची रीत चुकली, तर वाचलेल्या पैशांची किंमत फार मोठी ठरते.

टाकी गळते कशामुळे?

जुन्या ट्रॅक्टरची टाकी साधारण एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची असते. पत्र्याचे दोन भाग दाबून आकाराला आणलेले असतात आणि कडेने जोडलेले असतात. बहुतेक मॉडेलांत ती बोनेटखाली, इंजिनच्या वर किंवा स्टीअरिंगच्या पुढ्यात बसवलेली असते. डिझेल वरून खाली आपोआप उतरावे, हा त्यामागील हेतू. क्षमता पन्नास लिटरांच्या आसपास असते. नव्या अनेक ट्रॅक्टरांत प्लास्टिकची टाकी आली. तिला गंज चढत नाही, पण तिची दुरुस्तीही वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

पोलादी टाकीचा पहिला शत्रू पाणी होय. दिवसभर काम करून ट्रॅक्टर अर्ध्या टाकीवर उभा केला, की उरलेल्या पोकळीत हवा शिरते. रात्री गारवा वाढला, की त्या हवेतील बाष्पाचे थेंब आतील पत्र्यावर जमतात. डिझेलपेक्षा पाणी जड असल्याने ते तळाशी जाऊन बसते. उघड्या डब्यांतून डिझेल भरताना येणारे पाणी आणि धूळ त्यात भर घालतात. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवांची वाढ होते, शेवाळासारखा चिकट थर तयार होतो आणि त्यातून आम्ल निर्माण होऊन पत्रा आतून खाल्ला जातो. त्यामुळे बाहेरून रंग शाबूत असलेल्या टाकीला तळाशी अचानक सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडलेली आढळतात. एक छिद्र दिसले, तर त्याच्या भोवतीचा पत्रा आधीच पातळ झालेला असतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरे कारण हादरे. खडबडीत रस्ते, इंजिनची कंपने आणि भरलेल्या टाकीचे वजन यांचा सारा ताण टाकी बांधणाऱ्या पट्ट्यांवर आणि पायांवर येतो. पट्ट्याखालील रबरी गादी झिजली अथवा गळून पडली, की पत्रा पत्र्यावर घासू लागतो. पट्टा सैल राहिला तर टाकी आपटते आणि फार आवळला तर जोडाजवळ भेग पडते. छिद्र गंजाचे असते आणि भेग हादऱ्याची. या दोहोंचे उपचार निराळे आहेत.

तिसरे कारण अनेकदा दुर्लक्षित राहते. गळती टाकीची नसतेच. डिझेलचा कॉक, निचऱ्याचे बूच, काट्याच्या फ्लोटखालील वॉशर, नोझलकडून परत येणारी नळी किंवा झाकणाचे रबर यांतून डिझेल पाझरते आणि टाकीच्या अंगावरून ओघळत तळाशी ठिबकते. देशभर १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा मानकाचे डिझेल आले. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० भाग इतके खाली आणलेले आहे. इंधनाची घडण बदलली, की वर्षानुवर्षे जुन्या डिझेलमध्ये भिजून फुगलेली रबरी वॉशर आकसू शकतात, असा अनुभव इतर देशांतही कमी गंधकाचे डिझेल आल्यानंतर नोंदवला गेला. अशा वेळी काही रुपयांच्या वॉशरने काम भागत असताना टाकी उतरवून तापवणे हा अनाठायी धोका ठरतो.

एका थेंबाचा हिशेब

सेकंदाला एक थेंब ही गळती मालकाला नगण्य वाटते. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान असतो. एका मिलिलिटरमध्ये साधारण चाळीस थेंब धरले, तर तासाला ९० मिलिलिटर आणि दिवसाला दोन लिटरांहून अधिक डिझेल जमिनीत मुरते. महिन्याचा आकडा ६५ लिटरांच्या घरात जातो. लिटरला ९० रुपये भाव धरला, तर सुमारे ५,८०० रुपये. शिवाय जेथे ट्रॅक्टर रोज उभा राहतो तेथील माती नासते. विहिरीजवळ किंवा ओढ्याकाठी तो उभा राहत असेल, तर पाण्यालाही तेलकट तवंग येतो.

खरा धोका मात्र पैशांचा नाही. टाकी इंजिनच्या वर असल्याने गळणारे डिझेल सायलेन्सरच्या तापलेल्या भागावर पडू शकते. डिझेल ठिणगीविना आपोआप पेट घेते ते सुमारे २१० ते २५० अंश सेल्सिअसला, आणि जोराने ओढत असलेल्या इंजिनचा धुराडा त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्याच जागी स्टार्टर व डायनामोच्या जुन्या, साल निघालेल्या तारा असतात. ट्रॅक्टर उसाच्या फडात, वाळलेल्या पाचटात उभा असेल, तर एका पेटत्या थेंबाने फड आणि ट्रॅक्टर दोन्ही जाऊ शकतात. म्हणून गळती दिसल्यावर ‘हंगाम संपल्यावर पाहू’ असे म्हणणे परवडणारे नाही.

रिकामी टाकी अधिक घातक

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोकादायक असते, ही गोष्ट प्रथमदर्शनी पटत नाही. जळते ते द्रवरूप डिझेल नव्हे, तर त्याची वाफ. आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळली तरच. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी असते. टाकी रिकामी केली, की आत हवा भरते आणि पत्र्याला, जोडांत व गंजाच्या पापुद्र्यांत डिझेलचा पातळ थर मात्र शिल्लक राहतो.

पेट्रोलच्या तुलनेत डिझेल सहजी पेटत नाही, हे खरे. पेट्रोलियम कायद्याखालील वर्गवारीत डिझेल ‘ब’ वर्गात, म्हणजे २३ ते ६५ अंशांदरम्यान ज्वलनबिंदू असणाऱ्या पदार्थांत मोडते. पेट्रोल त्याहून ज्वालाग्राही अशा ‘अ’ वर्गात येते. याच भरवशावर ‘डिझेल आहे, काही होत नाही’ अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात ठेवलेला पत्रा त्याहून तापतो. त्यावर गॅसची ज्योत लावली, की शेकडो अंशांच्या उष्णतेने उरलेल्या थराची क्षणात वाफ होते. हवेत एक टक्क्याहूनही कमी वाफ मिसळली, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. पन्नास लिटरांच्या टाकीत असे मिश्रण तयार होण्यास चहाच्या चमचाभर डिझेलही जास्त होते. बंद टाकीत ते पेटले, की दाब बाहेर पडण्यास वाट नसते. जोड फाटतो आणि समोर वाकून काम करणाऱ्याच्या तोंडावर ज्वाळा येते.

डिझेलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती टाकीच्या तळाशी साचून राहते. झाकण उघडून एक-दोन दिवस उन्हात ठेवल्याने टाकी ‘उडून’ स्वच्छ होते, हा समज म्हणूनच फसवा आहे. गाळ निघावा यासाठी आत पेट्रोल टाकून हिसळण्याची काही ठिकाणची पद्धत तर थेट अपघाताला आमंत्रण देणारी आहे.

आधी गळतीचा ठाव घ्यावा

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे गळतीची नेमकी जागा शोधणे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टाकी, नळ्या व कॉक साबणाच्या पाण्याने धुऊन सुती फडक्याने कोरडे करावेत. त्यावर खडूची पूड किंवा कोरडा चुना हलक्या हाताने भुरभुरावा. थोड्याच वेळात पांढऱ्या पुडीवर जेथे प्रथम ओल उमटेल, तेथे गळती आहे असे समजावे. खाली जमा होणाऱ्या थेंबापेक्षा वरची ओल महत्त्वाची. ठरावीक पातळीपर्यंत डिझेल उतरल्यावर ठिबक थांबत असेल, तर छिद्र त्या पातळीला आहे, हाही सोपा दाखला आहे.

रानात गळती सुरू झाली आणि ट्रॅक्टर घरापर्यंत आणायचा असेल, तर धुण्याच्या साबणाची वडी बारीक छिद्रावर किंवा भेगेवर कोरडी घासून भरण्याचा उपाय चालकांच्या परिचयाचा आहे. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे काही तास तो टिकतो. मात्र हा केवळ घरी पोहोचण्याचा मार्ग आहे. पाणी लागले अथवा हादरे बसले, की साबण निघून जातो.

टाकी उतरवणे आणि धुणे

झाळकाम टाकी ट्रॅक्टरवर असताना कधीही करू नये. प्रथम बॅटरीची तार सोडावी. निचऱ्याच्या बुचातून किंवा कॉकची नळी सोडून डिझेल स्वच्छ कॅनमध्ये काढावे. नळीला तोंड लावून डिझेल ओढण्याची सवय सर्वत्र आढळते. चुकून ते श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. त्यासाठी हातपंप वापरावा. त्यानंतर नळ्या, फ्लोट, कॉक, गाळणी व झाकण काढून टाकी मोकळ्या जागेत आणावी.

आतील गंजाचे पापुद्रे सुटावेत म्हणून थोडी बारीक खडी किंवा जुने नट टाकून, पाणी घालून टाकी सर्व बाजूंनी हलवावी. टाकलेले नट मोजून घ्यावेत आणि मोजूनच बाहेर काढावेत. नंतर कडक गरम पाणी व धुण्याची पावडर घालून टाकी काठोकाठ भरावी, काही वेळ ठेवावी आणि तळापासून रिकामी करावी. डिझेलचा वास आणि पाण्यावरील तेलकट रंग पूर्णतः जाईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते. जुन्या, चिकट थरासाठी पोलादी टाकीत कॉस्टिक सोड्याचे पाणी वापरतात. तेव्हा हातमोजे व चष्मा हवाच. सोडा पाण्यात हळूहळू टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमच्या भागांना सोडा लावू नये, कारण त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. जेथे वाफेची सोय आहे, तेथे टाकीचा सारा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापेपर्यंत आत वाफ सोडणे ही अधिक खात्रीची पद्धत होय. धुतलेले पाणी ओढ्यात किंवा गटारीत सोडू नये.

इतके करूनही जोडाच्या फटीत डिझेल दडून राहू शकते. त्यासाठी शेवटचा उपाय पाण्याचा आहे. गळतीची जागा वर येईल अशा रीतीने टाकी ठेवावी आणि दुरुस्तीच्या जागेच्या किंचित खालीपर्यंत ती पाण्याने भरावी. आत हवेची पोकळी उरतच नाही, म्हणून स्फोटाला वावही फारसा राहत नाही. वाफ कोंडू नये यासाठी टाकीची सर्व तोंडे उघडी ठेवावीत.

काही ठिकाणी चालू इंजिनचा धूर नळीने टाकीत सोडून मग वेल्डिंग केले जाते. धुरामुळे आतला प्राणवायू निघून जातो, असा त्यामागील तर्क. परंतु रिकाम्या चालणाऱ्या डिझेल इंजिनच्या धुरात बराच प्राणवायू न जळता तसाच बाहेर पडतो. त्यामुळे हा उपाय सुरक्षिततेचा केवळ आभास निर्माण करतो. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून सोडण्याची पद्धत योग्य असली, तरी त्यासाठी साधने आणि प्रशिक्षण हवे.

झाळ, पितळ की वेल्डिंग?

सुईएवढ्या छिद्रासाठी कथील-शिशाची झाळ हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. ही झाळ २०० अंशांच्या आसपास वितळते, पोलाद मात्र सुमारे १५०० अंशांना. त्यामुळे पत्रा जळत नाही. पत्रा घासून चकचकीत करावा, नवसागर किंवा झाळेचे आम्ल लावावे आणि उघड्या ज्योतीऐवजी तापवलेल्या तांब्याच्या हत्याराने झाळ पसरावी. उरलेले आम्ल धुऊन काढले नाही, तर तेथेच पुन्हा गंज चढतो. येथेही टाकी धुण्यातून सुटका नाही, कारण हत्याराची उष्णता डिझेल पेटण्यास पुरेशी असते. शिशाचा धूर विषारी असल्याने हे काम उघड्यावर करावे.

मोठ्या छिद्रावर ठिगळ बसवावे लागते. ठिगळ साध्या पोलादी पत्र्याचे आणि गंजलेल्या भागाच्या पलीकडे, निरोगी पत्र्यापर्यंत पोहोचणारे हवे. कोपरे गोल ठेवावेत. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा हाताशी असतो म्हणून तोच वापरण्याची चूक अनेकदा होते. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझल तुंबवतो. शिवाय तापवताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने कारागिराला ताप भरतो. ठिगळाच्या कडा झाळेने किंवा पितळ भरून बंद करता येतात. पितळाचा जोड अधिक मजबूत असतो, परंतु त्यासाठी ९०० अंशांच्या आसपास उष्णता द्यावी लागते. म्हणजेच धोकाही त्याच पटीने वाढतो.

हादऱ्याने पडलेल्या भेगेच्या दोन्ही टोकांना, टाकी पूर्ण धुतल्यानंतर, सुमारे तीन मिलिमीटरचे बारीक भोक पाडावे. त्यामुळे भेग पुढे सरकत नाही. त्यानंतर ती गॅसने भरावी. साध्या विजेच्या वेल्डिंगने पातळ पत्रा जळून भोक मोठे होते, असा कारागिरांचा नित्याचा अनुभव आहे. पट्टे व रबरी गाद्या न बदलता केवळ भेग भरली, तर ती शेजारी पुन्हा पडते.

आगीशी संबंध नको असेल, तर दोन भाग मिसळून वापरायची इपॉक्सी लुगदी हा पर्याय आहे. तिचे यश पत्र्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. टाकी रिकामी व कोरडी हवी, रंग आणि गंज खरवडून पांढरा पत्रा उघडा व्हायला हवा आणि लुगदी पूर्ण कडक होईपर्यंत, शक्यतो एक दिवस, टाकीत डिझेल भरू नये. गळती चालू असताना वरून थापलेली लुगदी टिकत नाही. तळभर बारीक छिद्रे पडली असतील, तर आतून लेप देण्याची द्रव्येही मिळतात. पण गंज नीट निघाला नसेल, तर त्या लेपाचे पापुद्रे सुटून डिझेलच्या वाटेत अडकतात. बोटाने दाबताच पत्रा आत जात असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून टाकी बदलणेच शहाणपणाचे.

तपासणी आणि ‘एअर’ काढणे

दुरुस्त टाकी तपासताना कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नये. टाकीची ३० बाय ४० सेंटिमीटरची एक सपाट बाजू धरली, तर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाबाने त्या बाजूवर १,२०० किलोंचा जोर येतो. सायकलच्या पंपाने ०.१ ते ०.२ किलो इतकाच दाब देऊन जोडांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे दिसले नाहीत, तर काम चोख झाले.

टाकी पूर्ण वाळवून, थोड्या स्वच्छ डिझेलने खळबळून मगच बसवावी. पट्ट्याखाली नवी रबरी गादी, सर्व वॉशर नवी आणि फिल्टरही नवा घालावा. कारण टाकीतील गंज आधीच फिल्टरपर्यंत पोहोचलेला असतो. झाकणातील हवेचे बारीक छिद्र उघडे आहे ना, हे पाहावे. ते तुंबले तर टाकीत पोकळी निर्माण होऊन काही वेळाने इंजिन बंद पडते आणि दोष उगाच पंपावर जातो.

टाकी उतरवल्याने इंधनाच्या वाटेत हवा शिरते. ती काढण्यासाठी कॉक उघडून फिल्टरवरील स्क्रू ढिला करावा आणि फीड पंपाचा हातखटका मारत राहावे. फेसाळ डिझेल जाऊन अखंड धार लागली, की स्क्रू आवळावा. नंतर पंपावरील स्क्रू आणि गरज पडल्यास नोझलच्या नळ्यांचे नट याच क्रमाने घ्यावेत. इंजिन सुरू झाल्यावर नळीतून उच्च दाबाने येणाऱ्या फवाऱ्यापुढे हात नेऊ नये. तो कातडी भेदून आत शिरतो.

प्रशिक्षणाचा प्रश्न

वेल्डर, डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे अभ्यासक्रम शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकवले जातात. मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजांत काम शिकण्याची वाट बहुधा उस्तादाच्या हाताखालून जाते. हात तयार होतो, कसब येते; पण ‘आजवर काही झाले नाही’ हाच सुरक्षिततेचा निकष बनतो. मोठ्या साठवण टाक्यांवर आगीचे काम करण्यापूर्वी ती वायुमुक्त असल्याची तपासणी पेट्रोलियम नियमांनी बंधनकारक केली आहे. पन्नास लिटरांच्या टाकीसाठी कोणी प्रमाणपत्र मागत नाही. तेथे कारागिराचा विवेक आणि मालकाचा संयम हेच प्रमाणपत्र असते. गळीत हंगामात ट्रॉली रस्त्यात अडकलेली असताना ‘तासाभरात टाकी द्या’ हा मालकाचा तगादाच अनेकदा धुण्याची पायरी गाळायला लावतो. धुण्यासाठी लागणारा अर्धा दिवस हा मजुरीचाच भाग आहे, हे दोघांनीही मान्य करायला हवे.

हे लक्षात ठेवा

• गळती वॉशर, कॉक किंवा नळीची नाही, याची खात्री झाल्याशिवाय टाकी तापवू नये.

• डिझेलची टाकी म्हणून निर्धास्त राहू नये. पूर्वी तिच्यात पेट्रोल वा रॉकेल भरले होते का, हेही विचारावे.

• धुतलेली टाकी दुसऱ्या दिवशी झाळायची असेल, तर ती पुन्हा धुवावी.

• काम उघड्यावर करावे. गॅस सिलिंडर, कार्बाइडची टाकी आणि काढलेले डिझेल दूर ठेवावे.

• जवळ वाळूच्या बादल्या आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक हवे. पेटत्या डिझेलवर पाण्याचा झोत मारू नये.

• भाजल्यास जखमेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे, टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर संपर्क साधावा.

• संध्याकाळी ट्रॅक्टर उभा करताना टाकी भरून ठेवावी आणि तळाचे पाणी ठरावीक दिवसांनी काढावे. पोलादी टाकीचे आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही.